रिकामा डबा

फ्रिज दुरुस्तीला गेला आणि वहिनींचा हात एकदम सढळ झाला. जे उरेल ते त्याच दिवशी धुणीभांडी करणाऱ्या शेवंताच्या डब्यात पडू लागलं. भाजी, वरण, एकदा तर गव्हाची खीरसुद्धा. एरवी तिच्या वाट्याला यायचा तो फ्रिजमधला चार दिवसांचा आंबूस भात. आता घरी लेक ताट घेऊन उंबऱ्यातच बसलेली असायची.

बाराव्या दिवशी फ्रिज परत आला. शेवंतानेच तो ओल्या फडक्याने लख्ख पुसला. वहिनींनी उरलेली मटकीची उसळ आत ठेवली, दार लावलं आणि सुस्कारा सोडला.

"सुटले बाई! इतके दिवस किती अन्न वाया गेलं गं!"

"हो ना, वहिनी," म्हणत शेवंताने घासूनपुसून आणलेला डबा पदराआड केला.