पाण्यावरची शीळ

घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग तीन दिवसांपासून अडली होती. गर्दी आवरायला ठाण्यानं नेमलेल्या बिनपगारी पोलीस मित्रांमध्ये अतिया एकटीच बाई, गळ्यात शिट्टी. एका गाडीपाशी ती थबकली. गाडीवाली बाई शेजारी बसलेली, बादली भरलेली, दोन्ही तहानलेले बैल नुसते पाण्याकडे बघत उभे. “मावशी, हे काहून पेऊन नाही राह्यले?” “आमच्या मालकानं शीळ घातली तरच पेतात. मालक तापानं घरी पडले.” “मंग तुम्हीच घाला ना.” “बाईनं शीळ घालू नये म्हणतात, माय.” अतियानं शिट्टी फुंकली. बैल बिचकले, गाडीवान हसले. लहानपणी शीळ घालण्यापायी तिनं दादीचा मार खाल्ला होता. शिट्टी सोडून तिनं ओठ जुळवले आणि हळुवार शीळ घातली. एका बैलानं बादलीत तोंड घातलं. दुसरा मावशीकडेच बघत राहिला. मावशीनं रांगेकडे पाहिलं आणि ओठ ओले केले.