उजवा बंद

समोर गोल मोकळा होता, चेंडू उजव्या पायावर आला होता, आणि प्रशिक थांबला. उजव्या पायानं नुसता ढकलला असता तरी गोल झाला असता. त्यानं चेंडू डाव्या पायावर ओढून घेतला. तेवढ्यात समोरच्या संघाचा बॅक धावत आला आणि त्यानं चेंडू बाहेर घालवला.

रेषेबाहेर उभ्या असलेल्या प्रेमानंदनं कपाळाला हात लावला. क्लबच्या अकादमीतल्या पोरांना तोच शिकवायचा, आणि प्रशिकला तर तो चड्डी सावरत मैदानात आला तेव्हापासून. अशी चूक सक्करदऱ्याच्या गल्लीत खेळणारं शेंबडं पोरसुद्धा करत नाही, आणि ह्यानं केली ती नेमकी आज. पलीकडे खुर्चीवर क्लबच्या सिनियर संघाचे कोच विश्वनाथ सर बसले होते. त्यांना अकादमीतून एकच पोरगा उचलायचा होता. अकादमी सतरा वर्षांपर्यंतच ठेवते, आणि प्रशिकला ह्या उन्हाळ्यात सतरा पूर्ण होत होती. आज नाही तर मग नाही. हिंगण्याच्या एका कंपनीत त्याच्या बापानं पोरासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे गेला की फुटबॉल संपला.

हाफटाइम झाला तरी गोल कुणाचाच नव्हता. प्रेमानंदनं प्रशिकला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"काहून गा, उजवा पाय काय घरी ठेवून आला?"

प्रशिक पाण्याची बाटली तोंडाला लावणार होता, ती त्यानं खाली घेतली. "सर, उजवा तं बंद आहे."

"बंद म्हणजे? लागलं का तुले?"

"नाही सर. तुम्हीच केला ना बंद. दिवाळीच्या आधी. मी खोलत नाही तोवर उजव्यानं गोल मारायचा नाही, असं म्हनलं होतं तुम्ही."

तेव्हा कुठे प्रेमानंदला आठवलं. ही त्याची जुनीच रीत. ज्या पोराचा एक पाय तयार आणि दुसरा नुसता चालायच्या कामाचा, त्याचा तयार पाय तो आठवडाभर बंद करायचा, फार तर दोन आठवडे. मग एका सकाळी सगळ्यांसमोर "खोल गा" म्हणायचं, पोरं टाळ्या वाजवायची. प्रशिकचा पायही असाच बंद केला होता. पुढे दिवाळीतच प्रेमानंदला डेंग्यू झाला, तो अंथरुणाला खिळला, आणि मैदानात परत आला तेव्हा बंदी उठवायचं त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं. आता संक्रांतही उलटली होती.

म्हणजे इतके दिवस हा पोरगा अर्ध्या ताकदीनं खेळत होता, आणि तरी संघात सगळ्यात जास्त गोल ह्याचेच होते. प्रेमानंदनं ते गोल आठवून पाहिले. सगळे डाव्या पायाचे. पाठ आपणच थोपटली होती आणि आपल्याच लक्षात आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली आणि पोराचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

"अरे, मले याद नाही राहिली. पण तू तरी विचारायचं ना. विचारलं काहून नाही?"

प्रशिक बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. "विचारलं असतं तं तुम्ही खोललं असतं, सर."

"मग?"

"डावा अजून पक्का नव्हता झाला."

प्रेमानंदनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठावर नुकती मिसरूड आलेलं हे पोर आपल्यापेक्षा कडक कोच निघालं, असं त्याच्या मनात आलं.

"खोल," तो म्हणाला.

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिलाच चेंडू मिळाला तो प्रशिकनं उजव्या पायानं हाणला. चेंडू गोलावरून, भिंतीवरून, पलीकडे उभ्या असलेल्या ऑटोंवर गेला. लोक हसले. दुसरा गोलाच्या बाजूनं, चांगला हातभर बाहेरून गेला. विश्वनाथ सरांनी नकारार्थी मान हलवली. पायाला गंज चढला होता, आणि तो कोणी चढवला हे प्रेमानंदला ठाऊक होतं. त्याचा जीव टांगणीला लागला.

पण हा पोरगा आता उजव्यानंही मारतो, हे समोरच्या बॅकनं पाहून ठेवलं होतं. खेळ संपत आला असताना प्रशिकला चेंडू मिळाला आणि त्यानं उजवा पाय उचलला. बॅकनं त्या बाजूला अंग झोकून दिलं. प्रशिकनं उचललेला पाय तसाच खाली ठेवला, चेंडू डावीकडे घेतला आणि डाव्या पायानं, जमिनीलगत, अगदी सावकाश आत सोडला. गोलकीपर जागचा हललाही नाही.

पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. प्रेमानंद मात्र जिथे होता तिथेच मातीत बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

खेळ संपल्यावर विश्वनाथ सर त्याच्याजवळ आले.

"तो डाव्या पायाचा पोट्टा जबरदस्त आहे गा. उद्यापासून पाठव त्याले आमच्याकडे. उजवा पाय तेवढा कच्चा आहे, तो मी करून घेतो."

पोरगा मुळात उजव्या पायाचाच आहे, हे सांगायला प्रेमानंदनं तोंड उघडलं. मग मिटलं. "हो सर," एवढंच म्हणाला.

ते गेले तसा प्रशिक धावत आला. "काय म्हनले सर?"

"उद्यापासून सिनियरमध्ये जायचं. पण उजवा पाय कच्चा आहे म्हनले."

हा आता पोट धरून हसेल, असं प्रेमानंदला वाटलं. प्रशिक हसला नाही. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता, पण कपाळाला एक आठी होती. चेंडू ज्या भिंतीपलीकडे गेला होता तिकडे त्यानं एकदा पाहिलं.

"बराबर आहे," तो म्हणाला. "उद्यापासून डावा बंद."