चौथं माणूस

“आपुन तीन जन शेतस,” उंबऱ्यावर थबकून शोभाबाई म्हणाली. “खिसामा सुपारी ठेवा.”

हिलालने सुपारी खिशात टाकली. तिघांनी शुभकामाला निघू नये, निघावंच लागलं तर सुपारी किंवा खडा बरोबर घेऊन चौघं व्हावं, ही खानदेशातली रीत शोभाबाईने सुरतेत, नवागामच्या दोन खोल्यांतही काटेकोर पाळली होती. ताटात तीन पोळ्या वाढायला तिचा हात धजत नसे. दोन वर्षांपूर्वी हिलालचा मुलगा योगराज काविळीने गेला आणि घरातच तीन माणसं उरली. पोळी चौथी वाढता येते, माणसाचं काय करणार?

कामरेजला रंजनासाठी स्थळ होतं. तिची अट एकच होती. “तुम्हले सोडीसन मी कोठेच जावाव नही. त्याले आपलाकडे येनं पडी.”

म्हणजे घरजावई. ही अट ऐकून आधीची स्थळं पाठ फिरवून गेली होती. प्रवीण मात्र “आईला विचारतो” म्हणाला होता. त्याचं जळालेल्या विजेच्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचं छोटं दुकान होतं. रंजनाला तो मनापासून आवडला होता, आणि हाही हातचा जाणार अशी धास्ती तिला आठवडाभर होती. प्रवीणच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून आज उलट मुलीकडचेच निघाले होते.

बाहेर पडताना रंजनाने सवयीने डोक्यावर पदर घेतला. शोभाबाईने तो हळूच खाली ओढला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

रिक्षा वराछा ओलांडून हायवेला लागली तसा हिलालला चेव आला. बायकोला छेडायची संधी तो सहसा सोडत नसे.

“रिक्षाले चाकं किती? तीन. त्यालेबी सुपारी बांधूत का?”

शोभाबाईने तोंड फिरवलं, तसा तो आणखी रंगला.

“बेलले पानं तीन. नारळले डोया तीन. दत्तले तोंडं तीन. आमना कारखानामा तो नवापूरना मगन शे ना, चर्चमा जास तो, बाप, पोऱ्या आनि पवित्र आत्मा म्हनस. तठेबी तीनच. सगळा देवले तीन चालस, फक्त तुले चालत नही.”

“देवनं येगळं,” शोभाबाई म्हणाली. “देवना घरमधून कोनी जात नही.”

हिलालने खिशातली सुपारी चाचपली. मग त्याला आठवलं. “एम्ब्रॉयडरीनं मशीन बसाडाले चीनमधला माणूस उना व्हता. तो म्हने, त्यासनाकडे चारच वाईट. बिल्डिंगमा चौथा मजलाच ठेवतस नही. तुन्ही सुपारी तठे चालाव नही.”

दोघांच्या मध्ये बसलेल्या रंजनाला हसू आलं. दुपारचं ऊन रस्त्यावर पाण्यासारखं हलत होतं. चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर संथ जात होते आणि हवेत गोडसर वास भरला होता. तिची मान शोभाबाईच्या खांद्यावर कलली.

झोप लागली की नाही, तिला कळलं नाही. उसाच्या शेतात कुणीतरी चार ताटं मांडली होती. तीन ताटांवर ते तिघं बसले होते. चौथ्या ताटावरचा माणूस पाठमोरा होता आणि निवांत जेवत होता. ऊस वाऱ्याने सळसळत होता, शोभाबाई पुन्हा पुन्हा त्याला वाढत होती. त्याचा चेहरा बघावा म्हणून रंजना उठली, तेवढ्यात रिक्षा थांबली.

प्रवीणची आई वत्सला पलंगावर बसून होती. तिचा धाकटा मुलगा ललित आणि त्याची बायको चहा घेऊन आले. प्रवीण दाराशी उभा होता. रंजनाने त्याच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

चहा संपला. मग वत्सलाच म्हणाली, “अट ऐकली मी. खोटं कशाला बोलू, रागच आला होता. पोटचा पोरगा असा कसा देऊन टाकायचा? दोन दिवस नीट बोलले नाही मी त्याच्याशी.”

रंजनाने रिकामी कपबशी खाली ठेवली.

“पण पोरीला एकदा बघितलं होतं मी. घरच्यांवर अशी माया करणारी पोरगी कुठं मिळते? माझ्याजवळ ललित आहे. प्रवीण तुमच्याकडे येईल. माझं काही म्हणणं नाही.”

हिलालने दोन्ही हात जोडले. रंजनाचे डोळे भरून आले. इतकं सुख तिला गेल्या दोन वर्षांत माहीत नव्हतं. आता घर भरणार होतं, आई पुन्हा पहिल्यासारखी बोलणार होती.

शोभाबाई उठली आणि वत्सलाशेजारी जाऊन बसली. तिने तिचा हात हातात घेतला.

“नको, ताई,” ती म्हणाली. “तुमना पोऱ्या तुमनाजवळच ऱ्हाऊ द्या.”

“आई, हाई काय?” रंजना अर्धवट उठली.

शोभाबाईने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलणं जमलं नसतं.

“घरजवाई लेकीसाठी आणतस, ताई. आम्हले आमनी सूनले सासरले धाडनं शे.”