धुतलेला धूर

"हेच का तुमचं बंद झालेलं धुराडं?" रिक्षातून उतरताच तिनं नवऱ्याला विचारलं. सिमेंट कारखान्यावर पांढरे लोट तसेच होते. ते थांबेपर्यंत बाळाला घेऊन माहेराहून येणार नाही, असं तिनं बजावलं होतं.

"अगं, ती वाफ! छोटा प्रयोग जमला, आता अख्ख्या धुराड्याला यंत्र बसवलंय. कारखान्यात आम्ही आधी धूर पाण्यानं धुतो, मग त्यातला कार्बन वायू पकडतो. तो दिसत नाही."

"म्हणजे दिसतंय ते सोडलंत, न दिसणारं पकडलंत?"

बॅग न उघडताच तिनं बाळाभोवतीचं दुपटं धुऊन अंगणात वाळत घातलं. पूर्वी इथे तासाभरात कपडे करडे व्हायचे.

संध्याकाळी दुपटं पांढरंशुभ्र होतं आणि वर लोटही तसेच. कशावर विश्वास ठेवावा, तिला कळेना.

तेवढ्यात बाळानं झबलं ओलं केलं. गोंधळलेल्या मनानंच तिनं बॅग उघडली.