रांगेतली मेल

भाषांतरकाराच्या मेलना महिनाभर कुणाचंच उत्तर येईना. धास्तावून त्यानं काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणाऱ्या मेल-प्रोग्रामची सेटिंग्ज उघडली. जाणाऱ्या मेलसाठी सर्व्हरचं नाव जुनंच राहिलं होतं. प्रोग्राम ‘पाठवली’ म्हणायचा आणि मेल गुपचूप रांगेत ठेवायचा. नाव बदलताच तुंबलेल्या मेल भराभर सुटल्या. त्यांत ताईला रागाच्या भरात लिहिलेलीही दिसली. ‘आईचं सगळं मी केलं, तू नुसते सल्ले दिलेस. पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ तरीही ताई महिनाभर येतच राहिली होती. मोठ्या मनानं तिनं ते गिळलं, असं तो समजत होता. टेबलापलीकडे मटार सोलणाऱ्या ताईचा फोन वाजला. “चष्मा सापडत नाहीये, पण फोटो तुझाच दिसतोय.” फोन त्याला देऊन ती सरसावून बसली. “आजवर कधी चार ओळी लिहिल्या नाहीस मला. सावकाश वाच.”