वळणाआधीची घंटी

वायरमन कोर्टातून निर्दोष सुटला. सायकलींच्या वाटेवर दोन झाडांमध्ये गळ्याच्या उंचीवर तार बांधलेली होती खरी, पण ती त्यानेच बांधली, याला पुरावा नव्हता.

कोर्टाच्या पायऱ्यांवर, सायकलवरून जाताना त्या तारेने मेलेल्या नर्सची आई आडवी आली. ओरडली नाही. "दादा, माझी पोर प्रत्येक वळणाआधी दोनदा घंटी वाजवायची. कुणाला धक्का लागू नये म्हणून. तेवढंच सांगायचं होतं."

"सुटलो बुवा!" घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "त्या सायकलवाल्यांची कटकटही गेली."

"गॅलरीतली कपड्यांची तार कुठे गेली, हे मला कोर्टात कुणी विचारलंच नाही," ती भांडी घासता घासता म्हणाली.

तो हात धुवायला मोरीकडे वळला, तेवढ्यात मागे घंटी वाजली. दोनदा.

"ऐकलंस?"

"काय हो?"

मग जिन्याच्या वळणावर वाजली, गल्लीच्या कोपऱ्यावर वाजली. चौथ्या दिवसापासून त्याने वळणं घेणंच सोडलं. खुर्चीत बसून राहायचा.

एका दुपारी बायको बाहेर गेलेली असताना तो पाण्यासाठी उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला. चौकटीत तार ताणलेली होती, बरोबर त्याच्या गळ्याशी. सात वेढे, आणि कुणाला टोचू नये म्हणून टोक आत दुमडलेलं. ही सवय त्याचीच.

मागून चाकांची घरघर आली, उतारावरून यावी तशी, वेगात.

या वेळी घंटी वाजली नाही.