खांद्यामागचं दार

विद्यापीठाचा सगळा कारभार ऑनलाइन झाला, आणि ओळखपत्रासाठी विद्यार्थ्यांनी घरून पाठवलेले फोटो तपासायचं काम परीक्षा विभागातल्या बाईंकडे आलं. मागे कोरी भिंत हवी, एवढाच नियम होता.

भर दुपारी एका मुलाच्या खांद्यामागे त्यांना हिरवं दार दिसलं. त्यांनी फोटो नाकारला. पुढच्या मुलीच्या मागेही तेच दार होतं, खालचा रंग तसाच पोपडे धरलेला. ही मुलगी तर दुसऱ्याच गावची होती.

"अहो, जरा बघता का हे?" त्यांनी नवी सिस्टिम बसवणाऱ्या इंजिनिअरला हाक मारली.

तो वाकून बघत हसला. "भिंतच तर आहे, बाई. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

पुढच्या फोटोत दार किलकिलं झालं होतं. त्याच्या पुढच्यात फटीतून हात जाईल एवढं उघडलं होतं.

मग त्यांच्या लेकीचा फोटो समोर आला. तो त्यांनी स्वतःच सकाळी काढला होता, बैठकीच्या पांढऱ्या भिंतीपुढे. लेकीच्या मागे दार सताड उघडं होतं आणि आत मिट्ट काळोख होता.

त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. "कुठं आहेस गं?"

"घरीच. आई, आपल्या भिंतीत हे दार कधी बसवलं?"

"हात लावू नकोस त्याला!"

"मी कुठं लावलाय?" लेकीचा आवाज अगदी बारीक झाला. "ते आतूनच उघडतंय."